कॅसेटवर दिलेला होकार

भिवंडी,
२१ फेब्रुवारी १९८८

प्रिय मुख्तार,

सलाम. पत्र मराठीत बघून तुला आधी हसू येईल. आपल्या घरात पत्र म्हणजे उर्दूतलंच. पण अम्मीला उर्दू वाचता येते आणि मराठीचं एक अक्षर लागत नाही. तुझ्या परदेशातल्या खोलीतली माणसंही केरळची आणि हैदराबादची, त्यांनाही लागणार नाही. म्हणून मराठी. नगरपालिकेच्या शाळेत आपण दोघांनी एकाच बाईंच्या छड्या खाल्ल्या, त्याचा काहीतरी उपयोग व्हावा ना! आणि 'तू' लिहितेय तेही चालवून घे. चारचौघांत तू जाहिदाचे अब्बा, पण मुळात तू माझ्या फुफीचा, म्हणजे आत्याचा मुलगा, चिंचा पाडताना माझ्या डोक्यात दगड घालणारा. कागदावर तरी मला तुला 'अहो' म्हणवत नाही.

खुशाली सगळी ठीक आहे. अम्मीचे गुडघे थंडीत फार धरले होते, आता ऊन तापायला लागल्यापासून बरे आहेत. दुपारी ओट्यावर पाय सोडून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून तुझं कौतुक सांगते. जाहिदा सहावीत गेली, माझ्या कानाला लागली आणि जिभेने तर माझ्याही वर गेली. परवा मला म्हणते, अब्बांचा आवाज मला पाठ आहे पण चेहरा फोटो बघून आठवावा लागतो. मी तिला रागावले. नंतर वाटलं, मी तरी वेगळं काय करते?

तुझी कॅसेट येते तेव्हा इथे काय होतं हे तू कधी पाहिलेलं नाहीस, कारण तू घरी असतोस तेव्हा कॅसेट येत नाही. अम्मी टेपरेकॉर्डर घडी केलेल्या गोधडीवर ठेवते, जसा काही त्याला गारठा लागेल. शेजारच्या बायका येतात, चहा होतो. कुणी खोकलं तरी अम्मी डोळे वटारते, गप बसा, माझा मुख्तार बोलतोय! मग तू सगळ्यांची नावं घेत घेत शेवटी म्हणतोस, सालेहा, तब्येतीला जप. आणि सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघतात. मी ओढणी सारखी करते. इथून तुझ्यासाठी भरायची कॅसेटही तशीच, सगळ्यांसमोर, ओळीने. माझी पाळी येईस्तो टेप संपत आलेली असते. मी ठीक आहे, काळजी करू नका, एवढं बोलते आणि बटण दाबते. सहा वर्षांत एकमेकांशी म्हणून असं आपण काय बोललो, सांग बरं.

नोव्हेंबरातली तुझी ती कॅसेट मात्र वेगळी होती. तिकडे नवा कायदा येऊ घातलाय, बाहेरच्या कामगारांपैकी जे परीक्षा देऊन कुशल ठरतील त्यांनाच बायको-मुलं आणता येतील, बाकीच्यांनी आहेत तसं राहायचं, असं तू सांगितलंस. भिवंडीत अडलेल्या लूमचा बिघाड नुसता वळसा घालून ओळखणारा जॉबर मिस्त्री तू, आणि तिकडे हेल्पर म्हणून गेलास, टॉवेलच्या गाठी उचलत राहिलास. त्या परीक्षेला तू बसलास आणि पास झालास. कायदा मंजूर झाला की तुम्हा दोघींना आणतो, असं म्हणालास. अम्मीने टेपरेकॉर्डरचा मुका घेतला. बायका डोळे पुसायला लागल्या. मी उठून आत गेले, दूध उतू जातंय म्हणत. चुलीवर दूध नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने भिवंडीत काय बहार होती म्हणून सांगू! तीन बत्तीपासून निजामपुऱ्यापर्यंत जो तो तिकडच्या सरकारचा वकील झाला होता. कुणी म्हणे गवंडी यादीत आहेत पण लूमवाले नाहीत, कुणी म्हणे पदवी लागेल, कुणी म्हणे सगळी अफवा आहे, एजंटांनी उठवलेली. तुझा दोस्त अब्दुर्रहमान सुट्टीवर आलाय, त्याला तर जेवण जाईना, कारण तो पडला शिंपी, आणि शिंपी कुशल की अकुशल हेच ठरत नव्हतं. ओट्यावर त्यावरून भांडण जुंपलं. एक जण म्हणाला, बिर्याणी करणारा तर सगळ्यात कुशल. अम्मीने निकाल दिला, कायदा गेला खड्ड्यात, माझा मुख्तार जन्मला तेव्हापासून कुशल हाय! सगळे हसले. मला सहज विचारावंसं वाटलं म्हणून मीही विचारलं, आणि सुताची कांडी भरणारी बाई? तर अब्दुर्रहमान म्हणाला, भाभी, तुमचं कसलं काम, तुम्ही 'फॅमिली'! फॅमिलीला तिकडे काम करायची परवानगी नसते. तो सरळ मनाने बोलला. मला मात्र रात्री भाकरी गोड लागली नाही.

आता कांडीचं सांगते. तुला घरातलं एक मशीन माहीत आहे, वेळ जायला घेतलेलं. त्याची सुरुवात तुला आठवत असेल. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या दंगलीत आपली लूमची शेड जळाली आणि हमाली करणाऱ्या काळूरामने आम्हा तिघींना वळ गावाच्या पलीकडे त्याच्या पाड्यावर नेलं. त्याच्या बायकोने, सखीने, आम्हाला आपल्या मुलांच्या वाटणीची भाकर दिली. तिकडे तुला काही कळेना. रोज टेलिफोनच्या रांगेत उभा राहायचास, हे नंतर कळलं. शेवटी फोन लागला तेव्हा तू रडत एकच बोललास, मी तुम्हाला तिथून बाहेर काढणार. त्या दिवसापासून तू सुट्टी कमी घेतलीस, रात्रपाळ्या केल्यास, परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपलास. सगळं आम्हाला बाहेर काढण्यासाठी. मला हे माहीत आहे, मुख्तार. माहीत नसतं तर हे पत्र लिहिणं किती सोपं झालं असतं!

पण त्याच दिवसापासून माझंही काहीतरी सुरू झालं. जळलेल्या लूमचं भंगार विकून मी ते जुनं कांडी मशीन घेतलं. सखीला हाताशी घेतलं. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी, ती सैल भरली तर कापडाला डाग, घट्ट भरली तर धागा तुटतो. आम्ही दोघी शिकत गेलो. मालकांच्या शिव्या खाल्ल्या, माल परत आला, दोघी रडलो, पुन्हा भरला. तू मागच्या सुट्टीवरून गेल्यावर त्या जळलेल्या शेडवर नवे पत्रे चढवले आणि आज आत सहा मशीनं आहेत. पाड्यावरच्या बायका येतात. दापोड्याहून सुताचा टेम्पो येतो आणि ड्रायव्हर विचारतो, सालेहाबाई हाय का? मुख्तारची बायको आहे का, असं विचारत नाही. अम्मीने मला हे कधीच कसं सांगितलं नाही, असं विचारशील. मीच तिला विनवलं, कॅसेटवर बोलू नका, त्यांना वाटेल आपली कमाई पुरत नाही. अम्मीला ते पटलं. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बंद कर, मी आहे ना. आणि तुझ्या 'मी आहे ना'ला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

सखीला कायद्याचं कळलं तेव्हा ती मशीन बंद करून उभी राहिली. म्हणाली, बाय, तू गेलीस तं आमचं इथं कोन हाय? न्हाय जायाचं तुला. मग स्वतःच जीभ चावली आणि म्हणाली, नवरा बोलावतो त जायाला लागतंच गो. आणि परत मशीन चालू केलं.

जानेवारीत अम्मीने दर्ग्यात मन्नत मागायची ठरवली. गुडघे दुखत असताना माझ्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या चढली. जाळीला दोरा बांधला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, कायदा पास होऊ दे, माझ्या लेकाचा संसार एका ठिकाणी होऊ दे, गल्लीला गोड भात खिलवीन. तिच्या शेजारी उभी राहून मीही हात पसरले. एकाच घरातल्या दोन बायका, एकच जाळी. आणि मी मागितलं, हा कायदा पास होऊ देऊ नकोस. मुख्तार, मी तुझ्या मेहनतीच्या विरुद्ध दुआ मागितली. बाहेर आल्यावर अम्मी म्हणाली, तूपण तेच मागितलंस ना गो? मी मान हलवली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. त्या हाताची मला इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही. आजही नीट बघत नाही.

अल्लाने ऐकलं ते अम्मीचं, आणि ते योग्यच झालं. कायदा मंजूर झाल्याची तुझी तार आली आणि गुरुवारी नवस फेडायला गोड भाताची न्याज झाली. देगीतून मीच वाढत होते. सगळी गल्ली जेवून मला मुबारकबाद देऊन गेली. संध्याकाळी कॅसेट भरली. अम्मी बोलली, जाहिदा बोलली, तिकडे समुद्र आहे का विचारलं तिने. मग माझी पाळी आली. या वेळी टेप भरपूर शिल्लक होती. अम्मीने ओठ हलवून खुणावलं, बोल. मी म्हणाले, हो, आम्ही येतो, पासपोर्टचं काम चालू आहे, रमजान तिकडेच करू. माझा आवाज ऐकशील तर तुला खोट आढळणार नाही. मी तो पुन्हा लावून ऐकला, मलाही आढळली नाही.

ती कॅसेट घेऊन अब्दुर्रहमान मंगळवारी निघतोय. हे पाकीट मी त्याच्याकडे वेगळं देणार आहे, घरच्यांना न सांगता. कॅसेट ऐकल्याबरोबर तू दोन खोल्यांची जागा बघायला निघशील, म्हणून घाईने लिहिलं. जागा घेऊ नकोस. मी येत नाही, मुख्तार. जाहिदाची शाळा, अम्मीचे गुडघे, सखी आणि तिच्या बायका, ही कारणं मी तुला देऊ शकते, ती खरीही आहेत. त्यांच्या जोरावर तू मला चांगली बाई समजशील, मनाला लावूनही घेणार नाहीस. पण त्यांच्या आड लपायचं नाही असं ठरवून मी लेखणी घेतली. तू सुट्टीवर येतोस तेव्हा मी तुझी वाट बघते, सजते, आणि तू गेलास की रडते. हे सगळं खरं. पण रडून झालं की मला हलकं वाटतं. सकाळी शेडचं कुलूप उघडताना मला बरं वाटतं. तू तिकडे उन्हात, परक्या माणसांत, माझ्याशिवाय कसाबसा दिवस काढत राहिलास, आणि मी इथे तुझ्याशिवाय सुखी झाले. आधी नुसती सवय झाली होती. सुख कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. तुला परत ये असं लिहावं, तर तेही मला आज मनापासून लिहिता येत नाही, आणि खोटं एकदा बोलून झालंय. अम्मीला मीच सांगेन, तू तिच्यासमोर माझी बाजू घ्यायची गरज नाही. तुला जो काय निर्णय घ्यायचा तो घे, मला सोडायचा घेतलास तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त माझ्यात काय कमी पडलं, असं स्वतःला विचारत बसू नकोस. तुझ्यात काहीच कमी पडलं नाही रे.

हा शब्द लिहायचा हक्क अजून उरला असेल तर,
तुझीच,
सालेहा