तीन पाकिटं

मंगळवार, ता. ९

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. काकांचा गुडघा त्याच्या मर्जीने दुखतो, त्याच्या मर्जीने थांबतो. माझं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतलं काम चालू आहे. हॉस्पिटलवाल्यांनी इस्त्रीचं नवं यंत्र आणलंय. ते अर्धी चादर गिळतं आणि अडकून बसतं, मग मुकादम माझ्या नावाने ओरडतो, जसं काही मीच ते पसंत करून आणलंय! आज मात्र मी सुट्टी टाकलीय. पत्र लिहायला सुट्टी टाकली म्हटलं तर तू हसशील, पण खरंच टाकलीय.

जेवतेस ना वेळेवर? लिफ्ट दुरुस्तीच्या वर्गात अजून तू एकटीच मुलगी, की दुसरी कुणी आली? काका गावभर सांगत फिरतात, आमची पोर लिफ्टच्या खड्ड्यात उतरते. परवा न्हाव्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अरेरे, फार लागलं का?" तेव्हापासून त्या न्हाव्याशी अबोला आहे.

आता मूळ विषय. सोमवारी, पंधरा तारखेला तुझी सुनावणी, अर्जाची मुदत टळली म्हणून. शुक्रवारी फोनवर तू म्हणालीस, "मावशी, मी त्यांना लेखी दिलंय. पत्रच आलं नाही तर मी अर्ज कसा भरणार?" तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

त्या बालसंगोपन कार्यालयाचा मला इतका संताप येतो म्हणून सांगू! म्हणे योजना. मूल जेवढे पैसे साठवेल तेवढेच आम्ही घालू, आणि ते सांभाळणाऱ्या घरातून बाहेर पडलं की खोलीची अनामत, कोर्सची फी, हत्यारं, सगळ्याला देऊ. ऐकायला किती गोड! पण अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत अर्ज आला नाही, तर त्यांचा वाटा परत त्यांच्याच तिजोरीत. आणि अर्जाचा कागद पाठवणार कुठे? तर मूल शेवटचं जिथे राहत होतं तिथे. अगं, जी पोर आमच्याकडे यायच्या आधी सहा घरं फिरली, तिचं सगळं एका पत्त्याच्या भरवशावर? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

आणि त्या योजनेतले ते शनिवारचे पैशांचे तास! टायवाले सर आठवतात? फळ्यावर दोन रकाने, एक गरज, एक हौस. तू विचारलंस, "सर, कुलूप कुठे लिहू?" ते म्हणाले, हौस. तू वही मिटून बाहेर आलीस. घराच्या दाराशी म्हणालीस, "ज्याचं कधी कुणी काही उचललं नाही त्याला काय कळणार." दुसऱ्या दिवशी काकांनी तुझ्या पेटीला कुलूप आणलं. तरी तू एकही तास बुडवला नाहीस. शाळा सुटल्यावर बेकरीत ट्रे घासायचे आणि मिळेल त्यातले निम्मे खात्यात. तीन वर्षं! बुटाचा तळ सुटला तर तू तो चिकटवून घालायचीस. मी रागवायचे, तर म्हणायचीस, "मावशी, हे पैसे दुप्पट होणारेत. बूट होतात का दुप्पट?" तुला कुणी बचत शिकवायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी उशीच्या अभ्र्यात बिस्किटं सापडली, तेव्हाच तर काकांनी तुझं नाव खारूताई ठेवलं.

शुक्रवारी तू विचारलंस, "खिडकीवरची बाई म्हणते तीन पत्रं पाठवली. खोटं बोलतात ना गं?" मी म्हणाले, "खोटारडे मेले. इथे जाहिराती तेवढ्या आल्या होत्या, त्या मी टाकून दिल्या."

खोटारडी मी आहे. तिन्ही पत्रं आली होती. आता उठून जाऊ नकोस, पुढचं वाच.

पहिलं आलं तेव्हा तुला जाऊन महिना झाला होता. एकदा मी तुझं शाळेचं पत्र फोडलं होतं आणि तू चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, म्हणून तुझं पाकीट मी फोडत नाही. मी फोन केला, तुझं टपाल आलंय म्हणून. तू म्हणालीस, पाठवून दे. मी हो म्हणाले. मग मनात आलं, एवढं कशाला पाठवायचं, रविवारी येईल तेव्हा नेईल. रविवारी तू आली नाहीस. त्यानंतरच्याही नाही. दुसरं आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. म्हटलं आता दोन झाली, आता तरी यावं लागेल. चमच्यांच्या खणात ठेवून दिली. पाकिटावर कार्यालयाचा शिक्का होता, तो मला दिसला होता. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

तिसरं रजिस्टरने आलं. मी सही करून घेतलं. पोस्टमन म्हणाला, महत्त्वाचं दिसतंय. मी म्हटलं, पोहोचवते हं.

काका दोनदा म्हणाले, पाठव. मी म्हणाले, "काम असल्याशिवाय ती फिरकत नाही." ते म्हणाले, "म्हणून तिचं काम अडवून ठेवणार?" मी त्यांच्यावरच खेकसले. आपल्या घरात हे एवढं मोठं भांडण कधी झालं नव्हतं.

आणि तूही काही कमी नाहीस हो! सात महिन्यांत एकदा आलीस, तेही स्वेटर न्यायला, तेही दारातूनच. मी चहा टाकला होता. तो ओतून दिला. रागवायचा हक्क तुझा आहे, मला कळतं, पण मलाही राग आला होता आणि तो मी अशा ठिकाणी काढला जिथे तुझं नुकसान झालं. हे असं होईल हे मला कळलं नाही म्हणावं, तर कळून घ्यायचंच नव्हतं मला.

आता नीट ऐक. त्या रजिस्टरच्या पावतीवर माझी सही आहे. सोमवारी ते ती तुझ्यापुढे ठेवतील आणि तू खोटी पडशील. तुझ्या फाइलीत लिहितील, मुलगी खोटं बोलते. पैसेही जातील आणि हा शिक्काही बसेल.

म्हणून काल मी स्वतः कार्यालयात गेले. तीन खिडक्यांवर फिरवलं मला! पहिलीवर म्हणतात दुसरीवर जा, दुसरीवरचा जेवायला गेलेला. शेवटी आपल्या घरी तपासणीला यायच्या त्या बाई भेटल्या. त्यांनी सांगितलं, पत्रं मी अडवली असं मी लिहून दिलं तर मुदत पुन्हा सुरू होऊ शकते, पत्रं तुझ्या हाती पडतील त्या दिवसापासून. पण मग माझं नाव मुलं सांभाळणाऱ्यांच्या यादीतून जाईल. "पुन्हा मूल मिळणार नाही तुम्हाला," म्हणाल्या, "घरी जाऊन विचार करा." मी म्हटलं, बाई, विचार करत बसले म्हणूनच ही वेळ आली, कागद द्या इकडे.

त्या फॉर्मवर कारणाला एकच ओळ ठेवलीय. एवढ्याशा ओळीत माणसाने काय लिहायचं? मी लिहिलं, "ती घरी यावी म्हणून." बाईंनी वाचलं, शिक्का मारला.

त्याची प्रत सोबत आहे. तिन्ही पाकिटंही आहेत, फोडलेली नाहीत. सोमवारी आत गेल्यावर आधी सांग, "पत्र आलं नाही असं मी लेखी दिलं ते चुकीचं होतं, मला फसवलं गेलं होतं," आणि हा कागद दे. मला वाचवायला जाऊ नकोस. अर्ज त्याच दिवशी भर, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. हे फोनवर सांगायला माझी जीभ रेटली नाही. माफ कर म्हणत नाही, तेवढं तोंड नाही माझं.

काका आशीर्वाद सांगतात.

तुझी,
मावशी

ता. क. हे सगळं रजिस्टरने पाठवतेय. घ्यायला इथे यायची गरज नाही.