एसी बंद करू नका

बाबा,

तुमी फिरायले गेलते आणि यवतमाळची बस निघायची वेळ झाली, म्हणून लिहून ठेवून राह्यलो. गाडीचा बिघाड सापडला. इंजिन तापलं तरी रेडिएटरचा पंखा सुरूच होत नाही. बॅटरीवरून सरळ वायर दिली तर मस्त फिरते, म्हणजे मोटर चांगली आहे, सेन्सर गेला. राळेगावात कुठंच भेटला नाही, आणायले यवतमाळले जातो. दुपारपर्यंत येतोच.

पण त्याच्या आत गुंजनले कळा सुरू झाल्या तर माझी वाट पाहू नका, सरळ गाडी काढा. फक्त एसी चालू ठेवा. एसी लावला की पंखा फिरते, मी पाहून घेतलं. पेट्रोल खाते म्हणून तुमी नेहमी बंद करता, आज हात लावू नका. कान दुखतात तर मफलर सीटवर ठेवला आहे. इंजिन तापल्याचा काटा वर चढला तर गाडी बाजूले लावा, पण परवासारखं रेडिएटरचं गरम झाकण उघडू नका, पुन्हा हात भाजेल.

काटा तरी दिसते, बाबा. गुंजन तुमच्यासमोर काही सांगणार नाही, कळ आली तरी ओठ दाबून बसेल. तुमीच घडीघडी विचारा. आमचं लग्न झाल्यापासून तुमी तिच्याशी जे बोलले ते आईच्या तोंडून बोलले. आई फुलसावंगीले गेली आहे. आज मधात कोणीच नाही. राग माझ्यावर ठेवा, तिले नावानं हाक मारा.

क्षितिज