आप्पा दाराशी म्हणाले ते

प्रिय सन्मती,

काल फोनवर तू पुन्हा विचारलंस, ऑपरेशननंतर आप्पा काय बोलले. मीही पुन्हा तेच सांगितलं: पाणी मागितलं, तुझं नाव घेतलं. मग फोन ठेवून त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिले.

निपाणीत गुऱ्हाळं सुरू झालीत. तो गोड वास आला की गेली दिवाळी आठवते. तू पडवीत लॅपटॉप घेऊन बसला होतास. एकदम ओरडलास, "आई, एवढं मोठं गणित पापणी लवायच्या आत!" आणि थोड्या वेळानं कपाळाला हात लावलास. गणित जीपीयूकडे, म्हणजे त्या आकडेमोडीच्या वेगळ्या चिपकडे, नुसतं सोपवलं गेलं होतं. तुझा प्रोग्राम न थांबता पुढे गेला, वेळ मोजून मोकळा झाला, आणि जीपीयू तिकडे अजून राबतच होता. थांबायची एक ओळ तू लिहायला विसरला होतास. ती घातल्यावर चाळीस सेकंद लागले. आप्पा पोट धरून हसले. "काहिलीत रस ओतला म्हंजे गूळ झाला व्हय रं?" मी विचारलं, न थांबता उत्तर वाचलं तर? तू म्हणालास, "तिथं आधीचं काहीतरी पडलेलं असतं, आई, तेच हाती येतं. दिसायला अगदी खऱ्यासारखं."

त्या गुरुवारी बेळगावच्या दवाखान्यात आप्पांना ऑपरेशनला आत नेलं, दार मिटलं, आणि मी तिथंच उभ्या उभ्या तुला लिहिलं, 'झालं. सगळं छान. धावत येऊ नकोस.' तुझं काम ऐन भरात होतं ना. तू बंगळूरहून दुपारच्या गाडीचं तिकीट रद्द केलंस, आणि तेव्हापासून त्या तिकिटावरून स्वतःला खात बसला आहेस.

बाळा, आप्पा दुपारीच गेले, आतच. 'रात्री उशिरा गेले' हे मी सांगितलेलं. पाणी, तुझं नाव, सगळं मी रचलं. त्या गाडीनं आला असतास तरी ते तुला भेटले नसते.

ते शेवटचं बोलले ते दाराशी. "पोरगं येऊंदे गं, मग न्या मला." डॉक्टर ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकलायला तयार होते. मीच म्हटलं, कशाला उगाच त्याची वाट बघायची.

म्हणून हे पत्र. तिकिटाचा दोष आजपासून सोड. वाचून लगेच फोन करू नकोस. किती दिवस लागतील ते लागोत. या वेळी मी थांबेन.

तुझीच,
आई