निवांत उंदीर

फरिदाबाद

ती. आई,

फोन बाबाच उचलतात आणि ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवतात, म्हणून तुला हे पत्र. मी मजेत आहे, डबा वेळेवर येतो.

आमच्या लॅबमध्ये उंदरांना पोटातले जंत देतात. अंगात लढणाऱ्या पेशी असल्या की उंदीर आठवडाभर हैराण होतो, वाळतो, पण जंत बाहेर टाकतो. ज्यांच्या त्या पेशी आम्ही काढल्या, ते शांत असतात. काल त्यातला एक माझ्याकडे बघत निवांत खात होता. मी वहीत ‘तब्येत उत्तम’ लिहिलं. आज त्याचं आतडं उघडलं, तर ते जंतांनी गच्च भरलेलं होतं, आणि जंत अजून वळवळत होते.

बाबांची पोटदुखी औषधाशिवायच थांबली ना? पत्र मिळताच त्यांना डॉक्टरांकडे ने. मला काहीच होत नाही म्हणाले, तर त्याच दिवशी ने.

तुझी,
संपदा