अर्ध्या मिलिमीटरची विजेती

प्रिय बुर्गी,

तू पुन्हा स्कीच्या शर्यतीत उतरते आहेस हे मला तुझ्या आईकडून कळलं, तेही बेकरीच्या रांगेत. बाई इतकी खूश की घेतलेला पाव तिथेच विसरून निघाली. मी मागून धावत जाऊन दिला. धावत म्हणजे, माझ्या गुडघ्याला जमतं तेवढं.

आपल्या त्या शेवटच्या शर्यतीनंतर तू इन्सब्रुकला निघून गेलीस आणि आपलं बोलणंच राहिलं. शेवटच्या उडीनंतर तू खाली वाकून सुसाट गेलीस, तेव्हाच मला कळलं होतं की माझा नंबर दुसरा. मी तुला मिठी मारली आणि तेवढ्यात तपासनिसानं तुला बूट काढायला सांगितले. बुटाचा तळ नियमापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड भरला. त्यानं पुसून पुन्हा मोजला, तरी तेवढाच. "अहो, बर्फ चिकटला असेल!" म्हणून आपला ट्रेनर लुइस ओरडत होता. पण नवा तळ त्यानंच आदल्या दिवशी बसवला होता आणि मोजायचा राहिला होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं. तू त्याच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाहीस. "बूट माझ्या पायात होते ना? मग चूक माझी," एवढंच म्हणालीस आणि नुसत्या मोज्यांवर बर्फातून चालत गेलीस.

तू बाद झालीस आणि पहिलं बक्षीस मला मिळालं. गावानं टाळ्या वाजवल्या, पण उगीच वाजवायच्या म्हणून. खाटीक फ्लोरियान अजून विचारतो, "काय मिलिमीटरबाई, सॉसेज मोजून देऊ का?" दुकान हसतं, मीही हसते. आई मात्र चिडते, "नियम काय माझ्या पोरीनं केलाय?"

मलाही तो नियम म्हणजे नुसता छळ वाटायचा. पुढच्याच हिवाळ्यात एका वळणावर माझा गुडघा गेला. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. बूट जितका उंच, तितकी स्कीची कड बर्फात घट्ट रुतते. वळण झकास बसतं, पण कड सुटली नाही की सगळा पीळ गुडघ्यात. माझे बूट तर नियमातले होते, तरी ही गत. तुझे आठवले आणि अंगावर काटा आला. तुझं पदक हुकलं याचं मला अजून वाईट वाटतं गं, पण तू धड पायांनी घरी गेलीस, याचं बरंही वाटतं.

लुइस हल्ली चिमुरड्यांचेही बूट मोजत बसतो. तुझं नाव निघालं की उठून बाहेर जातो. त्याला एकदा भेट.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. स्की संघटनेनं मला तपासनीस नेमलंय आणि तुझी रविवारची शर्यत ही माझी पहिलीच. मी नको म्हणून पाहिलं. प्रमुख म्हणाले, "अहो, या खोऱ्यात कोण कुणाचं नाही?" म्हणजे खाली पोचलीस की तुझे बूट मीच मोजणार. जास्त भरले तर बाद लिहीन. हे तुला तिथे अचानक कळू नये. शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये मोजायचं यंत्र सगळ्यांसाठी खुलं आहे. बूट घेऊन ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण ये. रविवारी सगळ्यांसमोर ते तुझ्या हातात परत देताना मला एवढंच म्हणायचंय, "बरोबर आहेत."

तुझीच,
व्रोनी