आंजीच्या चौकातले दोन बँड

मु. आंजी (मोठी),
मे १९७९

तीर्थरूप बापूरावमामांच्या चरणी कोकिळाचा नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला वेगळा. (तो दुखत नसता तर काल तुम्ही स्वतःच हजर असता आणि मला हे लिहावं लागलं नसतं.) लेप लावता ना? मामी सांगतात त्याच्या उलट करू नका.

तर मामा, काल मी गाजले! "बाईच्या मांगं माहा बँड वाजला तं मिशी उतरवीन," असं म्हणून, घरी स्वतःच्या क्लॅरिओनेटवर गाणं शिकवूनही, तुम्ही मला आष्टीहून परत धाडलंत, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी इथल्या किसनरावांच्या बँडात, हातगाडीवर भोंग्याखाली उभी राहून गाते. (दर वरातीत पदर चाकात अडकतो.) काल चौकात समोरून दुसरी वरात आली. ज्याचा बँड आधी गप्प, त्याची वरात बाजूला, हा रिवाज तुम्हाला मी काय सांगणार? बघते तर समोर आपला लहानू ढोल बडवतोय. तुमचाच बँड!

अर्धा तास कोणी हटेना. आमचे दोन ट्रम्पेटवाले दम लागून खाली बसले. आता आपण गप्प पडणार, म्हणून मी तुम्ही रचलेलं विहिणीचं गाणं उचललं. झालं! तुमच्या माणसांनी सवयीनं सूर धरला आणि वळून माझ्या मागं चालू लागली. त्यांच्याकडचे वऱ्हाडी ओरडले, तर लहानू म्हणतो, "गाणारी थांबल्याबिगर हात थांबवाचा नाई, हे मास्तरनंच शिकवलं." बत्तीस वाजवणारे एका बाईच्या मागं! डोळे भरून आले, पण आवाज नाही हलू दिला. त्यांचा नवरदेव घोड्यासकट आमच्या मांडवात. देवकाबाईंनी (नवरीची आत्या, नजर अधू) दोन्ही नवरदेवांना ओवाळलं. मग त्या दुसऱ्याला गूळपाणी देऊन त्याच्या मांडवात पोचवला, तोही वाजतगाजत.

तुमची विजयी भाची,
कोकिळा

ता. क. लहानूला रागावू नका. त्यानं तुमचाच नियम पाळला.

दुसरा ता. क. खरं सांगू? शेवटच्या कडव्याला वर चढले आणि तुमचं क्लॅरिओनेट नव्हतं. बत्तीस जण वाजवत असून ओकंबोकं वाटलं. पुढच्या सोमवारी केळझरला लग्न आहे, दोन्ही बँड मिळून. गुडघ्यासाठी हातगाडीवर स्टूल बांधून घेतलंय. याल ना?

तिसरा ता. क. मिशी ठेवूनच या. फुंकताना ती हलते, तेव्हाच मला कळतं कडवं कधी उचलायचं.