डबा चुलीत घालू नकोस

तळवडे
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. खिचडीचा कुकर लावला आहे, एक शिट्टी झाली.

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. मी बरा आहे. खोलीमालकाने मोरीला नवी तोटी बसवून दिली. गणराज पाच वाजता टेम्पो घेऊन गावाकडे निघेल, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतो. पूनमवहिनी, तुम्ही आत्याला शेवटपर्यंत वाचून दाखवा. ती मधे बोलली तरी थांबू नका.

फोन केला नाही, कारण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं स्वतःच ठरवतेस. या वेळी तसं चालणार नाही.

दिवाळीला आलो तेव्हा माझे गाल ओढून तू म्हणालीस, "शहराचं पाणी मानवलं रं माझ्या लेकराला!" कंपनीतही मला शेठ म्हणतात. हिंदुराव म्हणतो, "भावा, लगीन न करताच सासरचं खाल्लंस व्हय?" मी हसायचो. पोटावर जांभळे ओरखडे उमटलेत आणि मांड्या काटक्यांसारख्या झाल्यात, हे तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. मागच्या महिन्यात पेटी उचलायला लाइनवर खाली बसलो, तो उठलोच नाही. दोघांनी धरून उभं केलं.

डॉक्टरबाईंनी बघताच विचारलं, "चेहरा कधीपासून असा?" किडनीच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसोल नावाचा रस बनवतात. तो जास्त झाला की असं होतं, म्हणाल्या. मग सकाळी आठला रक्त दिलं. एक पूर्ण दिवस लघवी कॅनमध्ये साठवली. बरोबर राहणाऱ्या ओंकारने कॅन पाहून विचारलं, "गावाहून ताडी आणलीस का रे? एकट्यानं पिऊ नको." मी कॅनवर नाव लिहून चिकटवलं.

रिपोर्ट उलटाच आला. रस जवळजवळ नाहीच.

"तुमचं शरीर म्हणतंय फार आहे, रक्त म्हणतंय काहीच नाही," बाई म्हणाल्या. "औषध कोणतं घेता?"

"कोणतंच नाही."

"मलम, इंजेक्शन, जिमची पावडर?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं, घरून काय येतं?"

मी सांगितलं, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, आणि पुडी.

आत्या, मी आधी खोटं बोललो नव्हतो. आपल्या घरी पुडीला औषध कोण म्हणतं? आणि बाजारातल्या त्या वैदूने घातलेली अट तू मलाही घातली होतीस. "कुनाला सांगायचं न्हाई, सांगितलं की गुण जातो." मी दीड वर्ष पाळलं. ओंकार आंघोळीला गेला की घ्यायचो.

बाई म्हणाल्या, पुडीत स्टिरॉइड, म्हणजे त्या रसासारखंच काम करणारं औषध, मिसळलेलं असणार. तपासायला एक ठेवून घेतली. आमच्या कंपनीत एक भाग बाहेरून आयता यायला लागला, तेव्हा तो बनवणारी आतली लाइन बंद केली होती. ग्रंथींचं तसंच झालं. रोज आयतं मिळालं, त्यांनी काम सोडलं. लाइन परत सुरू व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर बाहेरचं एकदम थांबवलं तर माणूस जाऊ शकतो. म्हणून मला आता मोजून गोळी दिली आहे, ती हळूहळू कमी करणार.

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. दवाखान्याच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, ते बघत बसलो.

कुकर उतरवून आलो. आता लिहितो.

तीच पुडी तू घेतेस. गुडघ्यांसाठी, चार वर्षं झाली. माझ्या पाठीसाठी पाठवायचीस ती तुझ्याच डब्यातली. दिवाळीत कासाराने बांगड्या भरताना तुझ्या मनगटावरचे काळेनिळे डाग बघून विचारलं, तर तू म्हणालीस, "वय झालं बाबा." ते वय नाही. माझ्याही हातावर तसेच डाग आहेत.

आता तू काय करशील हे मला माहीत आहे. डबा उचलून चुलीत घालशील आणि "माझ्या हातानं लेकराला इख दिलं" म्हणत कपाळ बडवशील. कपाळ बडवायचं तर बडव. डबा चुलीत घालू नकोस. आज नेहमीच्या वेळी पुडी घे. उद्याही घे. बाईंना दाखवेपर्यंत एकही चुकवू नकोस. तुला सांगण्यासाठी मी हे बाईंना विचारूनच घेतलं आहे.

वहिनी, आत्याला ताप, उलटी किंवा चक्कर आली तर माझी वाट बघू नका. लगेच तालुक्याच्या दवाखान्यात न्या आणि तोंड उघडताच पहिलं पुडीचं सांगा. गुण गेला तर जाऊ दे.

मी आजच आलो असतो, पण सोमवारची वेळ पक्की करायला सहा वाजता दवाखान्यात जायचं आहे. उद्या पहिल्या एसटीने येतो. सोमवारी आपण दोघं बाईंसमोर बसू.

माझी पाठ तुझ्या पुडीने खरंच दुखायची थांबली होती. हेही लिहून ठेवतो.

डब्यात किती उरल्यात ते मोजून ठेव. कमी पडत असतील तर माझ्याकडे चार आहेत. तुझ्यासाठी घेऊन येतोय.

तुझ्याच हातचं खाऊन वाढलेला,
प्रीतम